गल्ल्यावरचा फोन आणि घरातले मूल

शनिवारची दुपार. शाळा लवकर सुटलेली. तालुक्याच्या गावातील एका कापड दुकानात सहावीतला मुलगा दप्तर गल्ल्यामागे सरकवतो आणि वडिलांचा फोन हाती घेतो. गादीवर साड्यांचा ढीग पडलेला, समोर लग्नाच्या बस्त्याचे गिऱ्हाईक बसलेले. वडील घडी मोडता मोडता म्हणतात, "सुरतवाल्यांचे चौदा हजार तेवढे टाकून दे रे." मुलगा टाकतो. यूपीआयचा पिन त्याला तोंडपाठ आहे आणि वडिलांपेक्षा त्याची बोटे अधिक सफाईने चालतात. गिऱ्हाईक कौतुकाने पाहते. पोरगा आतापासूनच धंद्यात लक्ष घालू लागला, हा अभिमान वडिलांच्या चेहऱ्यावर लपत नाही.

महिनाअखेरीस हिशेबनीस खात्याचा उतारा वह्यांशी जुळवायला बसतो, तेव्हा काही रकमांना बिलच सापडत नाही. ८९, १५९, ४४९, ७९९ अशा त्या किरकोळ रकमा. पण बेरीज २३ हजारांच्या पुढे गेलेली. मग विचारणा होते, आरडाओरड होते, एखादी चपराकही बसते. मुलगा रडतो आणि कबूल करतो की खेळातली हत्यारे आणि पोशाख विकत घेतले. फोन काढून घेतला जातो. प्रकरण मिटले असे घरातील सर्वांना वाटते. त्याच खेळात भेटलेल्या आणि स्वतःला 'दादा' म्हणवणाऱ्या कोणा अनोळखी माणसाने दुकानाचे नाव, घराचा पत्ता आणि थोरल्या बहिणीचे छायाचित्र मागून घेतले आहे, हे मात्र मुलगा सांगत नाही. कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नसते.

हे दुकान कोणा एका कुटुंबाचे नाही. व्यापारी घरांत वारंवार घडणाऱ्या प्रसंगांची जुळणी करून ते येथे उभे केले आहे. ज्यांनी हे वाचताना मनातल्या मनात स्वतःच्या खात्याचा उतारा आठवला, त्यांना ते आपलेच वाटण्यास हरकत नाही.

नोकरदाराच्या घरातील फोन आणि व्यापाऱ्याच्या घरातील फोन यांत एक फरक आहे, आणि बालसुरक्षेविषयीच्या सर्वसाधारण लेखांत तो सहसा येत नाही. व्यापाऱ्याच्या फोनवर दुकानाचे चालू खाते असते, जीएसटीचे आणि बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, शेकडो गिऱ्हाइकांचे व घाऊक व्यापाऱ्यांचे क्रमांक त्यात असतात. म्हणजे तो तिजोरी, वही आणि शिक्का तिन्ही आहे. जुन्या पेढीवर तिजोरीची किल्ली कमरेच्या करगोट्याला असे; ती मुनिमाच्याही हाती सहजासहजी पडत नसे. त्याच घराण्यातील आजचा कर्ता पुरुष तीच किल्ली रडणाऱ्या नातवाच्या हाती खेळणे म्हणून देतो, आणि त्यात आपण काही वावगे करीत आहोत असे त्याला वाटत नाही.

पैसे गेल्यावर पुष्कळदा असा युक्तिवाद ऐकू येतो की मुलगा अज्ञान आहे, तेव्हा त्याने केलेला व्यवहार कायद्याने रद्द आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ११ आणि १९०३ सालचा मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेला असतो. अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक, हे त्यातील तत्त्व खरेच आहे. परंतु बँकेपुढे प्रश्न कराराचा नसतो, अधिकाराचा असतो. खाते वडिलांचे, फोन वडिलांचा, पिन वडिलांनीच सांगितलेला. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकांच्या जबाबदारीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडत नाही. मात्र खातेदाराने स्वतःच गुप्त तपशील दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. 'दुसरा' या शब्दातून स्वतःचा मुलगा वगळलेला नाही. खेळातील खरेदीसाठी अॅप विकणाऱ्या दुकानाकडे परताव्याची विनंती करता येते आणि ती तत्काळ करावीच, पण परतावा हक्काने मिळेल या भरवशावर राहू नये.

बँकेत कोणतीही मोठी नोंद एकटा माणूस पूर्ण करीत नाही. एक जण नोंद तयार करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. हीच दोन हातांची शिस्त घरात आणणे आता अवघड राहिलेले नाही. २०२४ साली सुरू झालेल्या 'यूपीआय सर्कल' या सोयीत खातेदार घरातील दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्याशी जोडू शकतो. त्याचा एक प्रकार असा की जोडलेल्या व्यक्तीने व्यवहार सुरू करावा आणि पिन मात्र खातेदाराने स्वतःच्या फोनवर घालावा. दुसऱ्या प्रकारात आधीच ठरवलेल्या मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार रुपयांपर्यंत, मोकळीक देता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दुसरा प्रकार द्यावा. शाळकरी मुलाला पहिलाही पुष्कळ झाला. शिवाय २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतंत्रपणे चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. मर्यादा बँक ठरवते, आणि खात्यात शिल्लक असेल तेवढेच खर्च होते. उचल मिळत नाही. दीड-दोन हजार रुपये ठेवलेले असे खाते म्हणजे चुका करण्यासाठी दिलेली स्वस्त जागा होय. पूर्वी मुलाला दुकानातला एखादा कोपरा, दोरा-बटणांचा किंवा काडेपेट्यांचा, स्वतंत्रपणे सांभाळायला देत. त्यात खोट आली तर घर बुडत नसे आणि हिशेब मात्र अंगवळणी पडे.

फोनची व्यवस्था तर अर्ध्या तासाचे काम आहे. दुकानाचा फोन आणि घरातील खेळाचा फोन वेगळे असावेत. जुना फोन विकून दोन हजार मिळवण्यापेक्षा तो सिमकार्डाविना, घरच्या वायफायवर मुलांना द्यावा. अॅपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू करावी. अँड्रॉइड फोनवर 'फॅमिली लिंक' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' यांतून मुलाने कोणते अॅप घ्यावे आणि किती वेळ वापरावे हे पालकाला ठरवता येते. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालील मुलाने असूच नये, हा त्या कंपनीचाच नियम. आणि किशोरांचे खाते आता आपोआप खासगी राहते. पण हे सारे मुलाने जन्मतारीख खरी लिहिली असेल तरच. जन्मसाल खोटे लिहून खाते उघडून देणारे पुष्कळदा आईवडीलच असतात, आणि असत्य न बोलण्याचे व्रत आपल्याकडे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकवले जाते, हे जाता जाता सांगणे भाग आहे.

पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्यात ठेवलेला नाही, आणि असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सप्त व्यसनांत द्यूत पहिले मोजणाऱ्या समाजाने या कायद्याचे स्वागत केले तर नवल नाही. तरी यातून पालकांनी निश्चिंत होऊ नये. खेळातील रत्ने, नाणी, पोशाख यांची विक्री या बंदीत येत नाही; आणि परदेशातून चालणारे सट्ट्याचे अड्डे कायद्याची वाट पाहत थांबलेले नाहीत. ते मुलांपर्यंत टेलिग्रामच्या गटांतून पोहोचतात. पैसे मात्र भलत्याच माणसाच्या बचत खात्यात भरायला सांगतात.

ते भलते खाते कोणाचे असते, हा भाग व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. पुण्यात किंवा इंदूरला शिकायला राहिलेल्या मुलाला वसतिगृहातला कोणी सांगतो की तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच-सात हजार मिळतील. कुठे काही चोरायचे नाही, फक्त पैसे येतील आणि जातील. मुलाला हे भाडे वाटते. प्रत्यक्षात त्या खात्यातून कोणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी पुढे सरकत असते. तक्रार झाली की पोलीस पैशाच्या वाटेने निघतात आणि वाटेतील प्रत्येक खाते गोठवायला सांगतात. मुलाने मिळालेल्या भाड्यातले चार हजार 'माझे साठलेले' म्हणून वडिलांच्या चालू खात्यात टाकले असतील, तर दिवाळीच्या तोंडावर दुकानाच्या खात्यावरही टाच येऊ शकते. धनादेश परत जातात, बाजारात कुजबुज सुरू होते, आणि दुसऱ्या राज्यातील पोलीस ठाण्यातून नोटीस येते. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर खरे असले तरी ते सिद्ध करण्यास महिने लागतात. खाते उघडताना मुलाची सही घेतली जाते. त्या सहीचा अर्थ त्याला घरीच समजावून द्यावा लागतो.

येथवरचे नुकसान पैशाचे होते. व्यापारी माणूस पैशाची खोट सोसतो, तिची त्याला सवय असते. ज्या संकटापुढे तो गांगरतो ते निराळे आहे.

मुलगी चौदा वर्षांची. समवयस्क मैत्रीण भासवणाऱ्या कोणाशी दोन महिने गप्पा झाल्या. विश्वास बसल्यावर एक छायाचित्र मागितले गेले, मग दुसरे. त्यानंतर धमकी आली की पैसे दे, नाहीतर तुझ्या वडिलांच्या फोनमधील प्रत्येकाला हे पाठवतो. कधी कधी तर मुलीने काहीच पाठवलेले नसते. तिचा साधा चेहरा घेऊन संगणकाने बनावट चित्र रचलेले असते. मुलगेही या जाळ्यात तितकेच सापडतात, आणि ते मुलींहूनही अधिक काळ गप्प राहतात. मूल जेवत नाही, फोन उशाखाली लपवते, आजीच्या बटव्यातून पैसे काढते. घरी कळते तेव्हा पहिला विचार मनात येतो तो अब्रूचा. उद्या सोयरिकीच्या वेळी हे निघाले तर? म्हणून वडील गुपचूप दहा हजार पाठवतात. दुसऱ्या दिवशी पंचवीस हजारांची मागणी येते. खंडणी घेणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. ज्याने एकदा दिले, तो पुन्हा देईल.

अशा वेळी पैसे देऊ नयेत. उत्तरे देणे थांबवावे. पण संभाषण पुसून टाकू नये. समोरच्याचे नाव, क्रमांक, खाते, धमकीचे शब्द यांच्या पडद्याच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि मग त्याला रोखावे. मूळ चित्रे कोणालाही, मदतीसाठीसुद्धा, पुढे पाठवू नयेत. अठरा वर्षांखालील मुलाचे असे चित्र पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, आणि वर्गमित्राचे चित्र गंमत म्हणून गटात टाकणारा मुलगाही त्यातून सुटत नाही. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. चित्रांसंबंधीची तक्रार केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते. मुलांच्या बाबतीत तेथे नाव न देताही नोंद घेतली जाते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. अमेरिकेतील बेपत्ता बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवाही आहे. चित्र आपल्या फोनबाहेर न जाता त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि त्या ठशावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारखी माध्यमे ते चित्र ओळखून काढू शकतात.

पोलिसांकडे गेलो तर गावभर होईल, ही भीती मोठी आहे. म्हणून २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील तरतूद घरोघरी ठाऊक असायला हवी. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा आणि त्या वेळी गणवेश घालायचा नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख उघड करण्यास वृत्तपत्रांना मनाई आहे. हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. उलट, अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हे मोठ्या माणसाच्या बाबतीत शिक्षेस पात्र ठरते. झाकून ठेवण्याचा मार्ग कायद्यानेही बंद आहे.

पण हे सारे उपाय मुलाने तोंड उघडल्यानंतरचे. ते उघडावे कसे?

जैन परंपरेत यासाठी एक शब्द आहे, आलोचना. चातुर्मासात, पाक्षिक किंवा सांवत्सरिक प्रतिक्रमणाच्या आधी श्रावक गुरूंपाशी जातो आणि घडलेले दोष लपवाछपवी न करता सांगतो. लहान मूल जसे कार्य-अकार्याचा विचार न करता सरळपणे बोलून टाकते तसे सांगावे, अशी शास्त्रकारांची अपेक्षा. ऐकणाऱ्या गुरूवरही बंधन असते; दोष ऐकून त्याने तिरस्कार करायचा नाही आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. प्रायश्चित्त मिळते, पण सांगितल्याबद्दल शिक्षा होत नाही. ज्या समाजाने मोठ्यांना बालकाच्या सरळपणाने बोलायला शिकवले, त्याच्या घरातील बालकच बोलायला घाबरते, हे विचित्र आहे. गल्ल्यामागे मुलाला बसलेली चपराक आठवावी. २३ हजार गेले ते गेलेच. पण त्या चपराकीने पुढचे वाक्यही गेले. फोन काढून घेण्याची धमकी तर सर्वांत महाग पडते, कारण संकट सांगितले तर फोन जाईल एवढाच बोध मूल त्यातून घेते. सांगितलेल्या चुकीला घरात निराळा न्याय असला पाहिजे, आणि तो आधीच, चूक होण्यापूर्वी, मुलासमोर बोलून दाखवला पाहिजे.

आणखी एक गोष्ट समाजाच्या मंडळांनी आणि संघांनी मनावर घ्यावी. नऊ वर्षांच्या मुलीने अठ्ठाई केली की चौकात अनुमोदनाचा फलक लागतो आणि त्याचीच प्रत दहा व्हॉट्सअॅप गटांत फिरते. त्यावर मुलीचे मोठे छायाचित्र, पूर्ण नाव, आजोबांचे नाव, शाळा, दुकानाचे नाव आणि वडिलांचा मोबाइल क्रमांक असतो. भाव उत्तम, पण ज्याला त्या मुलीशी ओळख काढायची आहे, त्याला सारी माहिती आपणच एका कागदावर दिलेली असते. 'तुझ्या पारण्याला मी आलो होतो' एवढे वाक्य त्याला पुरते. तपस्वी बालकाचे नाव आणि तपाची नोंद ठेवावी, शाळा व दूरध्वनी गाळावा, आणि छायाचित्र कुटुंबापुरते असावे. तपाच्या अनुमोदनात यामुळे काही उणे पडत नाही.

वेळेच्या मर्यादेचा प्रश्न त्यामानाने हलका आहे, जरी घरोघरी भांडणे त्यावरूनच होतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सारे गाव दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवते. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील बेगमगंज येथे जैन समाजातील अनेकांनी पर्युषणात एक दिवस इंटरनेटचा उपवास केला आणि फोन मंदिरात जमा केले. दोन्ही ठिकाणी मोठ्यांनीही फोन ठेवला, म्हणून ते जमले. घरात यासाठी नवा नियम शोधायची गरज नाही. एका सामायिकाची ४८ मिनिटे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली आहेत. चोविहाराआधीचे जेवण झाल्यावर दुकानाचा, आईचा आणि मुलांचा असे सारे फोन तेवढा वेळ एका डब्यात राहिले, तर त्या वेळेत कोण काय बोलते हे पाहण्यासारखे असते. रात्री मुलांचे फोन त्यांच्या खोलीत नसावेत. चार्जर बैठकीच्या खोलीत लावला की हे काम वादावादीविना होते. आणि वडिलांनी जेवताना उधारीचे निरोप वाचत बसू नये.

त्या कापड दुकानात पुढच्या शनिवारी मुलगा पुन्हा येतो. पिन बदललेला आहे. सुरतेचे पैसे पाठवायचे असतात, तेव्हा मुलगा रक्कम आणि नाव भरतो, फोन वडिलांकडे देतो, आणि वडील चष्मा वर करून रक्कम वाचतात, नाव वाचतात, मग पिन घालतात. दुपारच्या निवांत वेळी गिऱ्हाईक नसते. वडील साड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता विचारतात, "त्या खेळात तुझ्याबरोबर कोण कोण असतात रे?" मुलगा थोडा वेळ गप्प राहतो. मग तो एका दादाविषयी सांगू लागतो, आणि वडील घडी तशीच हातात धरून ऐकत राहतात.